थापाड्या यूसुफ

आखातातल्या रिफा शहरात, आमच्या घरी, सून श्रीखंडात जायफळ किसत होती. त्या वासाने शेजारी बसलेल्या माझ्या जुन्या सोबत्याला, सावंतला, हसू आलं. "नाना, तो थापाड्या यूसुफ आठवतो?"

आठवतो. तरुणपणी इथेच हिद्द गावात कामाला होतो तेव्हा आम्ही सगळे कामगार एकाच खोलीत राहायचो. शुक्रवारी जेवणं झाली की मी कोकणातल्या भुतांच्या गोष्टी सांगायचो. मग इंडोनेशियाचा यूसुफ खोलीत राहायला आला. एकदा सावंत शिरा करत असताना त्याने जायफळ उचललं, नाकाशी धरलं आणि मोडक्या हिंदीत बोलू लागला. या फळासाठी डचांनी त्याच्या पूर्वजांचं बेट रिकामं केलं होतं. माणसं मारली, उरलेली गुलाम म्हणून नेली. थोडे लोक मात्र होडीतून निसटले...

खोलीत कोणी हलत नव्हतं. माझ्या भुतांना अशी शांतता कधीच मिळाली नव्हती. माझा जळफळाट झाला.

"शिऱ्यातल्या जायफळासाठी बेट रिकामं?" मी म्हणालो. "मग कोकमासाठी आमचं कोकण कसं सोडलं रे?"

सगळे खो खो हसले. यूसुफही कसनुसा हसला, जायफळ डब्यात ठेवून गप्प झाला. तेव्हापासून तो थापाड्या.

"सावंता, ते खरं होतं," आज मी म्हणालो. "मला तेव्हाही खरंच वाटलं होतं. तुम्ही सगळे त्याचं ऐकत होता, ते मला बघवलं नाही."

 माझं एकही भूत सावंतला आठवत नसेल, यूसुफ मात्र आठवतो, हे मला आजही टोचलं.

"मग त्या होडीतल्या लोकांचं पुढे काय झालं?" त्याने विचारलं.

 मी थट्टा केली तेव्हा यूसुफची गोष्ट तिथवरच आली होती.