ध्रुवला धुरी

मोहनाची सासू मनाने वाईट नाही, असं प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये सगळे म्हणत. म्हणणाऱ्यांचं काय जातं?

सातव्या महिन्यात मोहनाला ताप आला आणि अंगावरून पाणी जायला लागलं. तिने सासूला, स्नेहलताबाईंना सांगितलं. त्यांनी धण्या-जिऱ्याचं पाणी दिलं. उष्णता असेल, रविवारी डोहाळजेवण आहे, चाळीस बायकांना आमंत्रणं गेलीत, सोमवारी दाखवू, म्हणाल्या. नवरा कुशल वर्कशॉपमधून आला आणि आईचीच री ओढून मोकळा झाला. रविवारी मोहना तशाच तापात हिरवी साडी नेसून, फुलांचे दागिने घालून झोपाळ्यावर बसली. फोटोत हसलीसुद्धा. सोमवारी सकाळी ध्रुव जन्मला, अकरा आठवडे आधी, जेमतेम किलोभराचा.

डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. गर्भाशयात जंतुसंसर्ग झाला होता. आधीच कच्ची फुफ्फुसं, त्यांना पोटात असतानाच सूज आली, वर श्वासाच्या यंत्राचा मार. पोर जगेल, पण छाती नाजूक राहील, घरात धूर अजिबात नको. लवकर आला असतात तर औषधं देता आली असती, हेही ते म्हणाले. स्नेहलताबाईंनी हे सगळं ऐकलं आणि शेजारणींना सांगितलं, सूनच नाजूक, त्यात कोणाची तरी दृष्ट लागली. मोहनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सव्वादोन महिन्यांनी ध्रुव घरी आला. तिसऱ्याच दिवशी, त्याची आंघोळ होताच, स्नेहलताबाईंनी शेगडीतल्या निखाऱ्यांवर ओवा आणि वावडिंग टाकलं. बाळाला धुरी द्यायची होती. मोहनाने पोराला उचलून छातीशी धरलं. त्याच्या प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडत होता.

"आई, ती शेगडी बाहेर न्या."

"कुशलला हीच धुरी दिली, काय झालं त्याला? छोकऱ्याला कफ होईल अशाने."

"डॉक्टर काय म्हणाले ते तुम्ही ऐकलंत."

"डॉक्टरचं एवढं होतं तर तेव्हा का नाही गेलीस? पाय नव्हते तुला?"

हे मात्र खरं होतं. दोन महिने तेच मोहनाला आतून कुरतडत होतं. सासूचा राग होताच, स्वतःचा त्याहून जास्त.

"तुम्हाला घाबरत होते," ती म्हणाली. "भोगलं यानं. आता नाही घाबरत."

थोड्याशा धुराने काय होतंय, असं कुशल पुटपुटला. मोहनाने दवाखान्याची फाइल उचलली, ध्रुवला दुपट्यात गुंडाळलं आणि पादरा गावी माहेरी जायला रिक्षा थांबवली. कुशल दारापर्यंत आला. येतोस का, असं तिने त्याला विचारलं नाही.