टाचणीचा मुकादम

त्या इस्पितळात लिफ्ट रुग्णांसाठी होती. तसा फलक कुठे लावलेला नव्हता, पण कर्मचाऱ्यांनी जिना वापरायचा हा तिथला जुना शिरस्ता. लिफ्टमध्ये एखादा धडधाकट कारकून दिसला, की स्ट्रेचर ढकलणारे त्याच्याकडे असे काही बघत, की पुढचा मजला येताच तो निमूटपणे उतरून जाई. या शिरस्त्यातून सगळ्यांनी मिळून फक्त एका बाईला सूट दिली होती, आणि त्या बाईने ती सूट एकटीने नाकारली होती.

कॉम्प्युटर विभागातली ही बाई. समोर तिला सगळे मॅडम म्हणत, पाठीमागे टाचणी. अंगाने बारीक, बोलायला टोचरी आणि एकदा घुसली की सहजासहजी न निघणारी. हे टोपणनाव तिला ठाऊक होतं आणि आवडतही होतं. लहानपणीच्या आजारपणात तिचा डावा पाय आखूड राहिला. त्या पायातल्या बुटाचा तळ जाड करून घेतलेला, म्हणून जिना चढताना तिचं एक पाऊल ठक्क वाजे आणि दुसरं गुपचूप पडे. कोणी म्हणालं, "मॅडम, तुम्ही लिफ्टने जा ना," की पुढचा सबंध मजला ती मुद्दाम जोरात वाजवत चढायची. शिव्या ती हसत ऐकून घेई, उलट दोन शिकवीही. पण 'बिचारी' हा शब्द कानावर आला, की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

काम काय, तर इस्पितळातल्या कॉम्प्युटरांवर सॉफ्टवेअर टाकायचं. गळ्यात पेनड्राइव्ह अडकवायचा आणि एकेका टेबलापाशी जायचं. तिथल्या माणसाला विनवून उठवायचं, खुर्चीत बसायचं आणि तोच पाढा म्हणायचा: पुढे, पुढे, मान्य आहे, पुढे, झालं. मग शेजारचं टेबल. सगळे मजले संपेपर्यंत सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आलेली असायची, की पुन्हा तळमजल्यापासून सुरुवात. बरं, एवढं करून दोन मशीन सारखी असतील तर शपथ! कुठे एक पॅकेज, म्हणजे सॉफ्टवेअरचा एखादा गठ्ठा, राहिलेलं, कुठे दोनदा बसलेलं, कुठे कुणाच्या मेहुण्याने येऊन पत्त्यांचा खेळ टाकलेला. याला लोक काम म्हणतात! हा काम न करता दमण्याचा प्रकार आहे, असं तिचं स्पष्ट मत होतं, आणि ते खोटं आहे असं म्हणायची माझी तरी छाती नाही.

म्हणून तिने मुकादम आणला. खरं तर ते एक सॉफ्टवेअरच. जाणकार त्याला कॉन्फिगरेशन मॅनेजमेंट म्हणतात, हिने मुकादम नाव ठेवलं. एका मुख्य कॉम्प्युटरवर आपण फक्त लिहून ठेवायचं, की अमुक विभागाच्या मशीनवर अमुक पॅकेज, अमुक आवृत्तीचं असलं पाहिजे. दर अर्ध्या तासाने इमारतीतलं प्रत्येक मशीन ते वाचून स्वतःला तपासतं. कमी असेल ते आणतं, जास्तीचं काढून टाकतं आणि सगळं ठीक असेल तर मुकाट आपल्या कामाला लागतं. हे सगळं ती स्वतःच वाचून, चुकून, पुन्हा वाचून शिकली. कोपऱ्यात भंगारात निघालेली दोन मशीन होती, त्यांच्यावर आधी सगळे प्रयोग केले. मग एके दिवशी सबंध इमारत मुकादमाच्या ताब्यात दिली आणि गळ्यातला पेनड्राइव्ह खिळ्याला टांगला.

काम बिनबोभाट होऊ लागलं, आणि इथेच घोडं पेंड खाऊ लागलं. बोभाटा नाही म्हटल्यावर काम होतंय हे कळणार कोणाला? लोकांना दिसलं एवढंच, की मॅडम हल्ली वर येत नाहीत. कुजबुज सुरू झाली. पाय जास्तच दुखत असेल, बिचारीचा.

अशात विभागाला नवे साहेब आले. माणूस चांगला होता, तीच तर पंचाईत होती. दुष्ट माणसाशी भांडता तरी येतं. त्यांनी टाचणीला बोलावून खुर्ची दिली, पाणी मागवलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, तुमची अडचण मला कळली आहे. जिने चढणं होत नाही म्हणून तुम्ही हा उद्योग केलात. आता तुम्ही तळमजल्यावर टेलिफोनच्या टेबलावर बसायचं. बसून काम. पुढच्या महिन्यापासून."

"आणि सॉफ्टवेअर?"

"दोन नवी मुलं घेतोय. तरणीताठी आहेत, चढतील-उतरतील."

"आणि मुकादम?"

"बंद करू. तुमच्यामागे सांभाळणार कोण ते?"

टाचणीने पाण्याला हात लावला नाही. "साहेब, तो मी पायासाठी नाही केला," ती म्हणाली. साहेब समजूतदारपणे हसले. त्या हसण्याचा अर्थ तिला पाठ होता.

घरी नवऱ्यापुढे तिने सगळा राग ओतला. नवरा बस चालवायचा आणि घरी आल्यावर शक्यतो उभा राहून जेवायचा, कारण बसून बसून त्याची कंबर कामातून गेली होती.

"बसून काम," तो म्हणाला. "मी उभी हयात बसूनच काम करतोय. मला अजून कोणी बिचारा म्हटलं नाही."

"तुझी चेष्टा पुरे. मी ते टेबल घेणार नाही."

"मग काय करणार?"

"ते अजून ठरलं नाही. पण घेणार नाही, हे ठरलंय."

"म्हणजे निम्मं झालं," तो म्हणाला आणि आमटी वाढून घेतली.

त्याच रागाच्या दिवसांत तिच्या हातून चूक झाली. प्रयोगशाळेने रिपोर्ट छापायच्या पॅकेजची नवी आवृत्ती मागितली होती. मुकादमाला लिहून देताना आवृत्तीचा नेमका आकडा द्यायचा, हा तिचा स्वतःचाच नियम. त्या दिवशी डोकं टेलिफोनच्या टेबलात अडकलेलं. आकडा शोधायचा कंटाळा करून तिने लिहिलं, 'सगळ्यात नवी'. काम झालं. आज जी सगळ्यात नवी आहे ती काही दिवसांनी नवी राहणार नाही, एवढी साधी गोष्ट ती विसरली. ज्या बाईने सगळ्या विभागाला हे दहादा ऐकवलं होतं, तीच!

काही दिवसांनी एका रात्री पॅकेज बनवणाऱ्यांनी पुढची आवृत्ती बाजारात सोडली. सकाळी मुकादमाने इमानेइतबारे ती उचलली आणि अर्ध्या तासात सगळ्या इमारतीत बसवून टाकली. नव्या आवृत्तीचं इस्पितळातल्या जुन्या प्रिंटरांशी मुळीच जमेना. रिपोर्ट कोरे निघू लागले. प्रयोगशाळेच्या खिडकीपुढे रांग वाढत जिन्यापर्यंत गेली. मजल्यामजल्यावरून फोन सुरू झाले आणि साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं.

"प्रत्येकाने पेनड्राइव्ह घ्या!" साहेब ओरडले. "जुनी आवृत्ती हाताने टाका, वरपासून खालपर्यंत!"

सगळा विभाग जिन्याला लागला. सगळ्यात पुढे केबलवाला. इमारतीतल्या तारा ओढणारा हा जाडा गृहस्थ टाचणीचा जुना सोबती, तिला ताई म्हणायचा. धापा टाकत तो वरच्या मजल्यावर पोचला, जुनी आवृत्ती टाकली, रिपोर्ट छापून दाखवला, टाळ्या घेतल्या आणि खालच्या मजल्यावर उतरला. तेवढ्यात अर्धा तास भरला. वरच्या मशीनवर सगळ्यात नवी आवृत्ती नाही हे मुकादमाला दिसलं, आणि त्याने ती निष्ठेने पुन्हा बसवली. वरून हाक आली, "परत कोरं!" केबलवाला वर. तो वर जाईतो खालून हाक. हाताने केलेलं काही टिकेना. विभागाच्या अगदी नाकी नऊ आले.

"तो तुमचा मुकादम आधी बंद करा!" साहेब टाचणीच्या टेबलापाशी येऊन म्हणाले. त्यांच्यामागे निम्मा विभाग उभा होता.

"नाही करणार."

"काय म्हणालात?"

"बंद करणार नाही." ती उठून उभी राहिली. "चूक मुकादमाची नाही, माझी आहे. एका शब्दाची. त्याने माझं ऐकलं, एवढंच त्याने केलं."

"हाताने टाकलं असतं, तर एकच मशीन बिघडलं असतं!"

"बरोबर. मी सगळी बिघडवली. आता सगळी मीच सुधारणार. ज्यांना चढवलंय त्यांना आधी खाली बोलवा."

ती बसली. 'सगळ्यात नवी' खोडून जुन्या आवृत्तीचा आकडा लिहिला. तेवढ्याने भागणार नव्हतं. नव्यावरून जुन्यावर उतरायला हे मुकादम लोक राजी नसतात, उतरलं तरी चालेल अशी वेगळी परवानगी लिहून द्यावी लागते. तीही दिली. मग ती कोपऱ्यातल्या भंगारातल्या मशीनकडे वळली.

"आता आणि हे काय?" साहेबांचा धीर सुटला. "बाहेर माणसं ताटकळली आहेत!"

"सकाळची आवृत्ती इथे थांबली नाही, म्हणून ताटकळली आहेत," ती म्हणाली. "आता थांबणार."

आपण पुन्हा चुकलो, तर मुकादम जाणार, इथली जागा जाणार, आणि उरलेली नोकरी टेलिफोनपाशी बसून कीव झेलत काढायची, हे तिला स्वच्छ दिसत होतं. तरी ती हलली नाही. भंगारातल्या मशीनवर जुनी आवृत्ती बसली. तिने रिपोर्ट छापला. अक्षरं उमटली. ती वाचून पाहिली आणि मगच सगळ्या इमारतीला हुकूम सोडला. या वेळी अर्ध्या तासाचीही वाट पाहिली नाही.

थोड्या वेळाने केबलवाल्याचा फोन आला. निरोप त्याच्यापर्यंत पोचलाच नव्हता. "ताई, मी अजून हात लावला नाही आणि हे आपोआप छापायला लागलं," तो धापा टाकत म्हणाला. "खालचंही लागलंय म्हणतात. मी मग चढलो कशाला?"

"तेच तर मी कधीपासून विचारतेय," टाचणी म्हणाली.

रांग ओसरली. साहेब पुन्हा चांगले झाले, म्हणजे पुन्हा पंचाईत. खुर्ची ओढून ते तिच्याजवळ बसले आणि तोच हळू आवाज काढला. "जाऊ द्या, मॅडम. होतं असं. तुमच्यावर ताण आहे, पायाचा त्रास आहे. म्हणूनच मी म्हणतो, ते टेबल..."

"साहेब." विभागातल्या सगळ्यांनी माना वर केल्या. "आज मी अख्खं इस्पितळ अडवलं. दुसऱ्या कुणी हे केलं असतं, तर तुम्ही त्याची खरडपट्टी काढली असती. माझी का नाही काढत?"

साहेबांनी खुर्ची जरा मागे सरकवली.

"मला जिना चढायचा नव्हता, हे खरं आहे. पण कोणीच तो चढू नये, अशा कामासाठी आम्ही तो चढत होतो. या केबलवाल्याचे दोन्ही पाय धड आहेत. विचारा त्याला, आज चढून काय मिळालं?" ती पुन्हा साहेबांकडे वळली. "चूक केली म्हणून शिक्षा द्या, मी घेईन. कामावरून काढा, जाईन. पण पाय आखूड म्हणून मला इथून हलवायचं नाही. ते मी ऐकणार नाही. तुमचंही नाही आणि तुमच्या वरच्यांचंही नाही."

साहेब उठले. खुर्ची जागेवर ठेवून ते आपल्या खोलीत गेले.

दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलावर लिफाफा आला. तो वाचून तिने घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि कोणालाही दाखवला नाही. केबलवाल्याला वाटलं, संपलं सगळं. दुपारी त्याने खिळ्यावरचा पेनड्राइव्ह आणून गुपचूप तिच्यापुढे ठेवला. तिने तो उचलून केराच्या टोपलीत टाकला.

संध्याकाळी तिने कागद नवऱ्यापुढे धरला. त्याने उभ्या-उभ्याच वाचला. कडक ताकीद होती. बेजबाबदारपणे केलेला बदल, रुग्णांचा खोळंबा, पुन्हा असं घडल्यास कारवाई. यापुढे प्रत्येक बदल आधी चाचणीच्या मशीनवर करून दाखवावा आणि ही यंत्रणा आपण स्वतः सांभाळावी.

"चांगलीच झाडलीये तुला," तो म्हणाला.

"पुन्हा वाच."

त्याने पुन्हा वाचलं, या वेळी सावकाश, खालच्या सहीपर्यंत.

"यात पायाचं काहीच नाही."

"नाही ना?" ती म्हणाली. कागद त्याच्या हातातून घेऊन तिने स्वतः एकदा वाचला, आणि इतकी वर्षं कोणासमोर रडायचं नाही हे ठरलेलं असूनही तिचे डोळे भरून आले.