को-ड्रायव्हरविरुद्धची तक्रार

गाडी पुन्हा झाडावर आदळली तेव्हा जाधवांनी स्टीअरिंगवरचे हात काढले, खुर्ची मागे सरकवली आणि मला म्हणाले, "कोरान्ने मॅडम, हा शेजारचा माणूस खोटं बोलून राहिला आहे."

"कोण शेजारचा?"

"गाडीतला हो. म्हणतो उजवीकडे. मी घेतली उजवीकडे. तिथे झाड! रस्ता तर डावीकडे आहे ना."

मी स्क्रीनकडे पाहिलं. त्यांचं म्हणणं खरं होतं. रस्ता डावीकडे होता आणि गाडी झाडात होती.

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्यांनी बनवलेलं सॉफ्टवेअर वापरून बघायचं, ते कुठे चुकतं ते शोधायचं आणि लिहून कळवायचं, हे माझं काम. त्या चुकीला बग म्हणतात. ग्वाल्हेरला नई सडकेवर साड्यांच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस. चार माणसं. पतसंस्थांचं आणि सहकारी बँकांचं सॉफ्टवेअर तपासण्यात आमची उमेदीची वर्षं गेली. मग पुण्याच्या एका कंपनीनं आमची कंपनी विकत घेतली. याला इंटिग्रेशन म्हणतात. इंटिग्रेशन झालं की मागोमाग रीऑर्गनायझेशन येतं. म्हणजे मेलवर एक भलामोठा तक्ता येतो, त्यात सगळ्यांचे चौकोन असतात आणि जो तो आपला चौकोन शोधत बसतो. आमचा सापडला. त्यात आमची नावं होती, काम लिहिलेलं नव्हतं.

नवा बॉस ऋत्विज पुण्याहून व्हिडिओ कॉलवर यायचा. तिशीचा, सभ्य, सतत घाईत. पहिल्याच कॉलवर त्यानं सांगितलं की नव्या कंपनीत सगळे एकमेकांना नावानं हाक मारतात. जाधवांना ते काही जमेना. ते "ऋत्विजजी" म्हणायचे.

"बँकिंगचं काम आता पुण्यातच होणार," ऋत्विज म्हणाला. "ग्वाल्हेरसाठी एक गेम आहे. रॅली रेसिंग. क्लायंटला असे टेस्टर हवेत ज्यांनी आयुष्यात कधी गेम खेळलेला नाही."

"ते तर आम्ही आहोतच," मी म्हटलं.

"हे नीट झालं तर ऑफिस राहील. नाही झालं तर पुण्याला शिफ्ट व्हायचा ऑप्शन आहे."

ऑप्शन म्हणजे काय ते आम्हाला समजलं. माझं वय चौपन्न. आमचं घर दाना ओलीत. यांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, शाळेतली नोकरी संपायला अजून अवकाश होता. जाधवांची मुलगी बारावीला. पुण्याला कोणीच जाणार नव्हतं. मी कॉल बंद केला आणि चहा मागवला. मला भीती वाटत होती आणि ती लपवण्याइतकी मी हुशार नाही.

पुण्याहून स्टीअरिंग आलं, पायाखालचे पेडल आले. आम्ही शिकायला बसलो.

रॅली म्हणजे गोल ट्रॅकवर दहा गाड्यांची धक्काबुक्की नव्हे. इथे तुमची गाडी एकटीच असते. जंगलातला, डोंगरातला खडीचा रस्ता. तो तुकड्यातुकड्यानं पार करायचा, प्रत्येक तुकड्याला स्टेज म्हणतात. शर्यत घड्याळाशी. रस्ता ओळखीचा नसतो, म्हणून शेजारी एक को-ड्रायव्हर बसतो आणि वळणं वाचून दाखवतो. डावं की उजवं ते सांगतो, आणि एक आकडा सांगतो. एक म्हणजे अगदी काटकोनी, जपून. सहा म्हणजे नावापुरतं वळण, वेग सोडायची गरज नाही. मध्येच "शंभर" म्हणाला तर पुढे शंभर मीटर सरळ. एवढं समजलं की बरंचसं समजलं.

आम्हाला एवढं समजलं होतं. तरी आम्ही झाडात जात होतो.

जाधवांच्या घराण्यात पूर्वी सगळे घोडदळात होते, असं ते सांगतात. ॲक्सिलरेटरवर त्यांचा पाय त्याच इतिहासाला धरून पडायचा. म्हणून आधी मला वाटलं, दोष वेगाचा असेल. मग मी स्वतः बसले. सायकलच्या वेगानं गेले. को-ड्रायव्हर म्हणाला, "डावं तीन." मी डावीकडे वळवलं. डावीकडे दरी होती.

आता आमची कामाची पद्धत सांगायला हवी, कारण घोळ तिनंच केला. बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये मेकर-चेकर नावाची गोष्ट असते. एकानं नोंद करायची, दुसऱ्यानं ती समोरच्या कागदाशी ताडून बघायची. जुळली तर पुढे, नाही जुळली तर तिथेच थांबायचं आणि कळवायचं. आम्ही गेमलाही तेच लावलं. को-ड्रायव्हर मेकर, आम्ही चेकर. तो बोलला की समोरचा रस्ता बघायचा. तो उजवं म्हणतो, समोर डावं आहे. जुळत नाही. बग.

आम्ही मनापासून काम केलं. वळणागणिक एक बग लिहिला. "को-ड्रायव्हर चुकीची माहिती देतो." "को-ड्रायव्हरमुळे चालकाच्या जिवाला धोका." जाधवांनी एका बगमध्ये लिहिलं, "सदर व्यक्तीस बदलण्यात यावे." तीव्रतेच्या रकान्यात आम्ही सगळीकडे 'क्रिटिकल' निवडलं.

इंटिग्रेशनमध्ये आमची बग नोंदवायची सिस्टिम क्लायंटच्या सिस्टिमला जोडली गेली होती. पूर्वी सगळं आमच्या बॉसकडून तपासून जायचं. आता आम्ही बटण दाबलं की थेट क्लायंटच्या टेबलावर. हे आम्हाला कोणी सांगितलेलं नव्हतं.

ऋत्विजचा फोन आला. कॅमेरा बंद होता.

"नीलिमा, तुम्ही गेम खेळलात ना?"

"खेळतोय की. को-ड्रायव्हर चुकतो आहे."

"क्लायंटकडे लोक हसतायत. त्यांनी सगळे बग 'इनव्हॅलिड' करून परत पाठवलेत. आपल्या इथली गेमवाली मुलं म्हणतात, स्किल इश्यू आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे..." तो जरा अडखळला. "म्हणजे तुम्हाला येत नाही."

"तुम्हाला येतं का?"

"मी तर इन्शुरन्स सॉफ्टवेअरमधून आलोय," तो प्रामाणिकपणे म्हणाला. "हे बघा, सोमवारी क्लायंटबरोबर कॉल आहे. तुम्ही स्क्रीन शेअर करा आणि एक स्टेज पूर्ण करून दाखवा. नाहीतर ग्वाल्हेरसाठी मी काय बोलू?"

हे जाधवांना सांगितलं. ते खिडकीतून खाली नई सडकेकडे बघत म्हणाले, "मॅडम, मुलीला अजून काही सांगितलं नाही मी." मलाही घरी काही सांगायचं नव्हतं.

त्या दिवसांत यांच्या मनगटाला प्लास्टर होतं. स्कूटीवर यांना मीच नेत-आणत होते. नवरा मागे बसला की काय होतं ते बायकांना सांगायला नको. संध्याकाळी आम्ही दाना ओलीत शिरलो आणि यांचं सुरू झालं.

"नाली उघडी आहे, उजवीकडून घे. मग गाय. तिच्या पुढे डावीकडे, आणि तिथे शर्माजींची कार आडवी उभी असणार, हळू."

"मला दिसतंय हो."

"दिसत नाही अजून, म्हणून तर सांगतोय!"

मी नालीला वळसा घातला. गाय ओलांडली. मग डावीकडे वळले. शर्माजींची कार आडवी उभी होती. मी हळू केलं, बाजूनं काढली, आणि मग गल्लीच्या मधोमध ब्रेक मारला.

"आता काय झालं?" हे म्हणाले.

हे "डावीकडे" म्हणाले होते तेव्हा मी नालीपाशी होते. तरी मी तिथे डावीकडे वळले नव्हते. वळले असते तर कचोरीवाल्याच्या कढईत गेले असते. पंचवीस वर्षांच्या संसारानं कानाला आपोआप कळत होतं की हा माणूस आत्ताचं सांगत नाही, पुढचं सांगतो. आत्ताचं माझं मी बघायचं.

मागून हॉर्न वाजायला लागले. "अहो, तुम्ही को-ड्रायव्हर आहात," मी म्हटलं.

"मी केव्हाचा सांगतोय, नीट चालव."

दुसऱ्या दिवशी मी जाधवांना सांगितलं. त्यांना पटेना. "पुढचं आत्ता का सांगतो? पुढचं आलं की सांगावं ना. भला माणूस असंच करतो."

"वळण आल्यावर सांगितलं तर ब्रेक केव्हा मारणार?"

ते स्टीअरिंगवर बसले. कान पुढच्या वळणावर, हात या वळणावर, असं घोकत त्यांनी पहिलं वळण घेतलं. दुसरं घेतलं. तिसऱ्याला गाडी रस्त्यावरच राहिली तेव्हा त्यांनी मागे वळून आमच्याकडे असं पाहिलं, जणू मुलीचा निकाल लागला आहे. मला रडू आलं. ऑफिसात रडू नये, पण आलं.

बाकीचं हळूहळू जमलं. नवशिक्यांसाठी सांगून ठेवते. सगळ्यात लहान, कमी ताकदीची गाडी घ्यावी. ब्रेक वळणात मारू नये, वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच मारावा, कारण खडीवर वळता वळता ब्रेक मारला की गाडी आपल्या मनानं जाते. बॉनेटकडे बघू नये, लांब बघावं. हँडब्रेक दिसतो म्हणून ओढू नये. आणि आधी पोचावं, पळायचं नंतर बघावं. जाधव हे शेवटचं सोडून सगळं शिकले, म्हणून सोमवारी मी बसले.

कॉलवर ऋत्विज, पुण्याची गेमवाली मुलं आणि क्लायंटकडून एक बाई होत्या. को-ड्रायव्हर बोलू लागला. मी चालवू लागले. एका हेअरपिनला, म्हणजे रस्ता जिथे उलटा मागे वळतो तिथे, मी पूर्णच थांबले, इकडेतिकडे पाहिलं आणि मग वळले. पुण्याहून कोणीतरी खोकल्यासारखं हसलं. मी एकाही झाडाला न लागता शेवटच्या रेषेवर पोचले. स्क्रीनवर निकाल आला. वेळांच्या यादीत मी शेवटची होते. माझ्या आधीच्या गाडीचा ड्रायव्हर एव्हाना घरी जाऊन जेवला असेल.

क्लायंटच्या बाईंनी विचारलं, "मग हे सगळे बग तुम्ही का लिहिले?"

मला वाटलं, गेलं ऑफिस. मग वाटलं, जातंच आहे तर बोलून घ्यावं.

"तुमच्या गेममधल्या ट्रेनिंगमध्ये ॲक्सिलरेटर शिकवला आहे, ब्रेक शिकवला आहे, हँडब्रेकसाठी तर वेगळा धडा आहे," मी म्हटलं. "हा माणूस पुढच्या वळणाबद्दल बोलतो, हे एकदाही सांगितलेलं नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना वाटतं हे सगळ्यांनाच माहीत असतं. आम्हाला नव्हतं. आमच्यातलं कोणीच मूर्ख नाही, तरी आम्ही चौघं झाडात गेलो."

बाई म्हणाल्या, "बरेच नवे लोक पहिल्याच स्टेजवर गेम सोडतात. आम्हाला वाटायचं, ग्राफिक्स जड आहेत."

आमचे बग त्यांनी मान्य केले नाहीत. 'इनव्हॅलिड' काढून तिथे 'सूचना' असं केलं. जाधवांची को-ड्रायव्हर बदलण्याची मागणी मात्र फेटाळली. पण ट्रेनिंगमध्ये नवा धडा आला आणि त्याचं टेस्टिंग ग्वाल्हेरला मिळालं. नवा तक्ता आला तेव्हा आमच्या चौकोनात नावांखाली लिहिलं होतं, 'नवशिके'. बाकी कंपनीत लोक सीनियर व्हायला धडपडतात. आम्ही तो चौकोन जपून आहोत.

जाधवांनी मुलीला सगळं एकदमच सांगितलं, ऑफिस जाणार होतं तेही आणि राहिलं तेही. ती म्हणाली, "पापा, पहले बताना था ना." कंपनीबद्दल माझंही तेवढंच म्हणणं आहे. पुढचं वळण माहीत असेल तर ते आधी सांगावं, आणि पुढचं आहे म्हणून सांगावं.

मग यांचं प्लास्टर निघालं आणि पहिल्याच दिवशी यांनी स्कूटी घेतली. मी मागे बसले. दौलतगंजकडून येताना गर्दी होती, म्हणून मी आधीच सांगून ठेवलं, "पुढे डावीकडे घ्या."

हे तिथल्या तिथे डावीकडे वळले. डावीकडे भांड्यांचं दुकान होतं. पुढचं चाक स्टीलच्या बादल्यांत शिरलं.

"तूच म्हणालीस डावीकडे!" हे ओरडले.

मी खाली उतरले, बादल्या उचलू लागले आणि म्हटलं, "अहो, ते पुढचं होतं."