सुमेधाची काच फसली नाही

“सुमेधाताई हुशार होत्या, वादच नाही, पण त्यांची काच शेवटपर्यंत काळी झाली नाही. प्रयोग फसला, हे मान्य करायला हवं.” काळाचौकीतल्या आमच्या चाळीच्या शोकसभेत सेक्रेटरींनी हात जोडून हे वाक्य उच्चारले. माझी पुतणी जाऊन तेव्हा पंधरवडाही झाला नव्हता. तिची आई समोर बसली होती, म्हणून मी गप्प राहिलो. आता दीड महिना उलटला आहे. चाळीच्या जागी उभ्या राहणाऱ्या इमारतीला पश्चिमेकडून कोणती काच बसवायची, यावर येत्या रविवारी मतदान आहे, आणि या एका वाक्याने सुमेधाची सारी मेहनत निकालात निघू शकते. तेव्हा आता बोलणे भाग आहे.

सुमेधा रसायनशास्त्रज्ञ. लालबागच्या शिंप्यांकडून ती सुती चिंध्या पिशव्या भरभरून न्यायची. त्यांपासून काचेसारखा पारदर्शक पापुद्रा करायचा आणि त्यात एका धातूच्या ऑक्साइडचे, डोळ्यांना न दिसणारे कण मिसळायचे, हे तिचे काम. काच तापली की हे कण आपला गुणधर्म बदलतात आणि उन्हातली धग अडवतात. दोन उन्हाळ्यांपूर्वी तिने आमच्या पश्चिमेच्या खिडकीच्या डाव्या तावदानावर तो पापुद्रा स्वतः चिकटवला. उजवे मुद्दाम तसेच ठेवले. भर दुपारी अर्धी चाळ आमच्या खोलीत जमली. गॉगलसारखी काच काळी होणार, अशी प्रत्येकाची खात्री. चहा झाला, दुसरा झाला... काच जशीच्या तशी. “काय गो सुमे, तुझी काच जेवून झोपली वाटतं!” शेजारचे बाबी म्हणाले. सगळे हसले. लपवत नाही, मीही हसलो.

“काका, तुम्हीसुद्धा?” ती म्हणाली. “अहो, काळी करायचीच नाहीये ती. उजेड येऊ दे, धग तेवढी बाहेर राहू दे. अंधारच हवा असता तर पडदा लावला असता ना!”

त्या हशात हे कोणी ऐकलेच नाही. पुढे आजार आला, इस्पितळ आले. शेवटच्या भेटीत तिने स्वतःबद्दल चकार शब्द काढला नाही. “काका, तावदान घासून पुसू नका हं...” एवढेच म्हणाली.

तिच्या वह्यांतले आलेख सेक्रेटरींना वाचता येत नाहीत, आणि माझ्या मायेवर कोणी विसंबू नये, हे मीच सांगतो. म्हणून साक्षीदार असा देतो, ज्याने या काचेला पहिल्या दिवसापासून नावे ठेवली : माझी पत्नी. गेल्या वैशाखात तिने एकाच पिठाचे उडदाचे पापड एकाच वेळी दोन्ही तावदानांमागे पसरले. ऊन दोहोंवर सारखेच होते. उजवीकडचे चार वाजता कडकडीत वाळले होते, आणि डावीकडचा एक हातात घेऊन ती माझ्यावर कडाडली, “तुमच्या पुतणीच्या काचेमागे माझा एक पापड वाळेल तर शपथ!”