दोन गिटारी आणि मावशीचं वाइंडिंग

माझी मावशी पंख्यांच्या मोटारी गुंडाळायची. वाइंडिंगचं दुकान आजोबांचं. गल्लीच्या तोंडाशी, अरुंद, आत कायम वार्निशचा वास. आजोबांची नजर अधू झाली तशी ती गल्ल्यावरून उठून कामाच्या टेबलावर बसली, ती तिथलीच झाली.

एका दुपारी हॉटेलच्या बँडमधला गिटारवाला आला. इलेक्ट्रिक गिटार टेबलावर आडवी ठेवून म्हणाला, "मुकी झालीय. सगळे हात टेकून बसलेत."

"हे पंख्याचं दुकान आहे," मावशी म्हणाली.

"तार तांब्याचीच असते ना?"

ते मात्र खरं होतं. गिटारच्या तारांखाली पिकअप नावाची छोटी डबी बसवलेली असते. आत लोहचुंबक, आणि त्याच्याभोवती केसाहून बारीक तांब्याची तार गच्च गुंडाळलेली. वरची तार थरथरली की ती थरथर या तांब्यातून वीज होऊन आवाज मोठा करणाऱ्या ॲम्पकडे जाते. आतली तार कुठे तुटली की गिटार मुकी. मावशीने जुनी तार सोडवली आणि नवी बोटांच्या चिमटीतून हळूहळू भरली. पंख्याची जाड तार ओढायची सवय, त्यामुळे पहिल्या दिवशी ही बारीक तार तोडून तोडून ती रडकुंडीला आली. पण सोडलं नाही.

गिटारवाला वाजवून बघायला आला आणि त्याचा चेहरा पडला.

"आवाज बदललाय. आधी गोल होता, सायीसारखा. आता जरा खरखरतोय."

"मग उकलून देते. मुकी घेऊन जा."

तो गिटार उचलून तरातरा निघून गेला. पुढच्या आठवड्यात परत आला तो बँडमधल्या दुसऱ्याची गिटार घेऊन. "यालाही तसलाच आवाज हवाय," म्हणाला, पण मावशीच्या नजरेला नजर न देता. त्यानंतर त्याच्याकडे दुरुस्तीला काही ना काही असायचंच. शेवटी तर न बिघडलेला रेडिओसुद्धा घेऊन आला, तेव्हा आजोबा म्हणाले, "अहो, एकदाच काय ते विचारून टाका. माझ्या टेबलावर जागा उरली नाही."

असे ते माझे काका झाले.

लग्नानंतर काकांनी पहिलीसारखीच, त्याच कंपनीची, त्याच काळातली दुसरी गिटार मिळवली. हिचा पिकअप कारखान्यातून आला तसाच होता. तेव्हापासून घरात कधी न मिटलेलं भांडण सुरू झालं. एकच ॲम्प, एकच चाल. काका खोलीत वाजवायचे, मावशी स्वयंपाकघरात पाठ करून ऐकायची. कोणती कुठली हे ती क्षणात ओळखायची. मग काका डोळे मिचकावत म्हणायचे, "काही म्हण, कारखान्याचा तो कारखान्याचाच."

सुट्टीत मी त्यांच्याकडे जायचे, तेव्हा पंच म्हणून मला बसवायचे. कारखान्याचा आवाज खरंच मऊ, कडा घासलेल्या जुन्या वाटीसारखा. मावशीचा मोकळा, त्यात बोटाचं नखही ऐकू यायचं. मी मावशीच्या बाजूने कौल दिला की काका म्हणायचे, "पंच फितूर झालाय." त्यांच्या चिडवण्याने मावशी फुगून बसायची, पण जेवताना काकांच्या ताटात पहिली पोळी तीच वाढायची.

बँडमधले लोक घरी आले की एक गोष्ट हमखास निघायची. काका कार्यक्रमाला फक्त मावशीची गिटार न्यायचे. दुसरी कधी घराबाहेर पडलीच नाही. मावशी ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

म्हातारपणी काकांना अर्धांगवायूचा झटका आला. डावा हात गेला, ऐकूही कमी यायला लागलं. वाजवणं संपलं. पण दुपारी उठवून बसवलं की म्हणायचे, "छेड गं जरा." मावशीला वाजवता यायचं नाही. ती नुसत्या मोकळ्या तारा छेडायची, आधी एक गिटार, मग दुसरी. काका मान तिरकी करून ऐकत राहायचे.

एकदा मी तिथे होते. मावशीने कारखान्याची गिटार छेडली. काका डोळे मिटून म्हणाले, "ही तुझी. हिच्यासारखी दुसरी नाही."

मी तोंड उघडणार तेवढ्यात मावशीने माझ्या गुडघ्यावर हात दाबला.

"हो, माझीच," ती म्हणाली. "पुन्हा छेडू?"

त्या वर्षी पावसाळ्यानंतर काका गेले. मी एकदा मावशीला विचारलं, "तेव्हा तू त्यांना सांगितलं का नाहीस?"

ती ॲम्पवरची धूळ पुसत होती. म्हणाली, "मला चिडवायला ते जन्मभर खोटं बोलले. मी एकदा बोलले, तर काय बिघडलं?"

मग तिने फडकं झटकलं आणि मला विचारलं, तुला या गिटारींतली कोणती न्यायचीय.

मी म्हटलं, "दोन्ही इथेच राहू देत."