गाडी डावीकडे ओढते

"हे रक्त जुनं आहे," डॉक्टर म्हणाले. "आजचं नाही, कालचंही नाही. तीन आठवड्यांचं तरी असेल. डोक्याला मार कधी लागला होता?"

ठाण्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलात मी चाकाच्या खुर्चीत बसलो होतो. कॉम्प्युटरवर माझ्याच डोक्याचे काळेपांढरे फोटो होते. एका बाजूला माझी बायको सुमन उभी होती, दुसऱ्या बाजूला मुलगी सोनल, बारावीची. दोघी माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"नाय डॉक्टर," मी म्हटलं. "कायच नाय लागलं."

हे मी पूर्ण शुद्धीत बोललो. आजारानं बोलायला लावलं असं म्हणायची मला सोय नाही.

डॉक्टरांनी पेनाचं टोक पडद्यावर टेकवलं. आजाराचं नाव क्रॉनिक सबड्युरल हिमॅटोमा. कवटीच्या आत मेंदूवर एक जाड पडदा असतो, त्या पडद्याखाली रक्त थेंबाथेंबानं साचत जातं. मार लागला त्या दिवशी काही कळत नाही. दोन-तीन आठवडे माणूस जेवतो, खातो, कामावर जातो, आणि आत डबकं वाढत असतं. माझ्या उजव्या बाजूला ते इतकं वाढलं होतं की मेंदूची मधली रेघ डावीकडे सरकली होती. त्याला मिडलाइन शिफ्ट म्हणतात.

"मार लागला नसेल, तर हे आपोआप का झालं ते शोधावं लागेल," डॉक्टर म्हणाले. "आणखी तपासण्या. तुमच्याकडे तेवढा वेळ नाही. नीट आठवा."

मला आठवायची गरजच नव्हती.

मी चौपन्न वर्षांचा आहे. घर धसईच्या अलीकडच्या एका गावात, नोकरी शहापूरच्या पुढे हायवेलगतच्या गोदामात. वीस वर्षं बाइकवर जातोय. हायवेचं काम निघाल्यापासून आसनगावच्या आसपास गाड्या अशा उभ्या राहतात की ड्रायव्हर खाली उतरून चहा पिऊन येतात. आणि आम्ही बाइकवाले? आम्ही मधून काढतो. दोन कंटेनरांच्या मधे हातभर जागा दिसली की पुढचं चाक घातलंच.

मला त्याचा माज होता, खोटं कशाला बोलू? मी माझ्या गाडीचे दोन्ही आरसे काढून ठेवले होते, अडकतात म्हणून. हेल्मेट जॅम लागला की काढून टाकीवर ठेवायचो. गाडी चालतेय बैलगाडीसारखी, हेल्मेट कशाला, हा माझा हिशेब. शिवाय हेल्मेटात डोकं मोठं होतं, आजूबाजूचा अंदाज चुकतो, असं मी नव्या पोरांना शिकवायचो. शहाणपणा पाजळत होतो, दुसरं काय!

सुमनला हे आवडायचं नाही. सोनलचा बारावीचा क्लास वाशिंदला लागला आणि आठवड्यातले तीन दिवस मी तिला मागे बसवून नेऊ लागलो, तेव्हा सुमननं मला अंगणात उभं करून सांगितलं, "एकट्यानं काय ते करा. पोरगी मागं असली तर मधनं काढायची नाय. शब्द द्या." मी दिला. पहिला आठवडा पाळला. दुसऱ्या आठवड्यात क्लासला उशीर झाला आणि सोनल मागून म्हणाली, "पप्पा, आज टेस्ट हाय." तेवढं निमित्त मला पुरलं.

त्या दिवशी डावीकडे ट्रक होता, उजवीकडे छोटा टेम्पो. मी ट्रककडे बघत होतो. टेम्पोचा आरसा उजव्या कानाच्या वर टक्क करून लागला.

टेम्पोवाल्यानं डोकं बाहेर काढलं. "काका, लगा क्या?"

"नाय लगा, नाय लगा."

रक्त नाही, काही नाही. आवळ्याएवढं टेंगूळ, तेही केसांत. मी मागे वळून सोनलला म्हटलं, "आईला बोलू नको हां. उगाच डोकं खाईल." ती हसली. मीही हसलो.

एक गोष्ट इथंच सांगून ठेवतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या छातीत दुखलं होतं, तेव्हापासून मी रक्त पातळ करायची गोळी घेतो. अशी गोळी चालू असलेल्या माणसाला डोक्याला साधा टोला बसला, तरी डॉक्टरला सांगायचं असतं. मला हे कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. मी ऐकलं नव्हतं.

पाचव्या-सहाव्या दिवशी सकाळी उठल्यावर डोकं दुखायला लागलं. चहा घेतला की थांबायचं. मग रोज दुखायला लागलं. आमच्याकडच्या डॉक्टरांनी विचारलं, "कुठं पडलाबिडलात का?" सुमन बाजूलाच होती. मी म्हटलं, "नाय हो, ऊन लागलं असंल." त्यांनी पित्ताची गोळी दिली. त्यांचा काय दोष? मी तोंडाला कुलूप घालून बसलो होतो.

दुसऱ्या आठवड्यात डाव्या पायातली चप्पल निसटायला लागली. मला कळायचंही नाही. एकदा गोदामाच्या दारापासून वजनकाट्यापर्यंत एका चपलेनं चालत गेलो. पोरं हसली, "काका, काल काय घेतली व्हती का?" मी दारूला शिवत नाही हे त्यांना माहीत होतं, म्हणून जास्तच हसली. मी चप्पल बदलली, नवी पट्ट्याची घेतली.

मग गाडी डावीकडे ओढायला लागली.

सरळ रस्त्यावरसुद्धा हळूहळू डाव्या कडेला जायची. मला वाटलं हँडल वाकलं असेल. धसईला हरेश नावाचा मेकॅनिक आहे, माझी गाडी त्याच्याच हातची. त्यानं हवा बघितली, हँडलच्या मुळातला कोनसेट बदलला, चाकं दोरी लावून तपासली. म्हणाला, "आता तीरावानी जाईल." दुसऱ्या दिवशी गाडी परत डावीकडे. मी त्याला शिव्या घातल्या. त्यानं पुन्हा सगळं खोललं, मुकाट्यानं.

भावांनो, माझं डोकं दुखत होतं, पाय लुळा पडत होता, मुठीतून क्लच सुटत होता, आणि मी गाडीला डॉक्टर शोधत होतो!

हरेशकडच्या या दोन खेपांच्या मधल्या एका सकाळची गोष्ट सांगायला माझी जीभ अजून जड होते. पुन्हा जॅम होता. सोनल मागे होती. दोन्ही बाजूंना कंटेनर, मी मधे. गाडी डावीकडे जातेय हे मला दिसत होतं. मी हँडल उजवीकडे वळवतोय असं मला वाटत होतं, पण हात वळतच नव्हता. कंटेनर उभा होता म्हणून बरं. त्याच्या चाकाच्या नटांवर सोनलचा डावा गुडघा घासत गेला, चांगला दोन-तीन हात. ती ओरडली नाही. तिनं मागून माझा शर्ट मुठीत धरला, एवढंच मला कळलं.

सलवार फाटली होती. आत कातडं सोललं होतं. कंटेनर तेवढ्यात सुटला असता तर काय झालं असतं, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही. मी तिला विचारलं, "आईला काय सांगशील?" आणि उत्तरही मीच दिलं. "क्लासच्या पायरीवर पडले म्हणून सांग."

तिनं तसं सांगितलं. सुमननं हळद लावली. त्याच रविवारी आम्ही तिघं विहारात गेलो. आमच्या गावात पंचशील सुमन सांगते, बाकीचे तिच्यामागून म्हणतात. चौथं शील खोटं न बोलण्याचं. सुमन पुढे म्हणत होती, मी आणि सोनल मागून. सोनलचा आवाज त्या ओळीला आला नाही. माझा आला.

तिसऱ्यांदा गाडी घेऊन गेलो तेव्हा हरेशनं पाना हातात घेतलाच नाही. म्हणाला, "काका, तुमी चालवा. मी मागं बसतो." आम्ही शाळेच्या रस्त्यानं निघालो. पन्नास पावलं गेलो असू, त्यानं माझ्या बगलेखालून हात घालून चावी बंद केली.

"उतरा."

मग तो एकटा गाडी घेऊन गेला. दोन्ही हात सोडून चालवत परत आला. गाडी रेघेसारखी सरळ येत होती.

"काका, गाडी सरळ हाय," तो म्हणाला. "तुमी डावीकडं कलताय. डावा हात नुसता ठेवलाय हँडलवर, त्याच्यात जीव नाय. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जावा." त्यानं चावी खिशात घातली आणि सुमनला फोन लावला. शहापूरला तपासलं, तिथून ॲम्ब्युलन्सनं ठाण्याला पाठवलं.

तर मी तिथं बसून "कायच नाय लागलं" म्हणत होतो. का? आरशाचं सांगितलं तर गुडघ्याचं निघालं असतं. आपण मरू शकतो हे डॉक्टरांनी तोंडावर सांगूनही मला भीती सुमनचीच वाटत होती. लाज वाटते सांगायला, पण असंच होतं.

"लागलंय," सोनल म्हणाली. "टेम्पोचा आरसा लागलाय. चार आठवडे झाले. मी मागं बसले व्हते."

डॉक्टरांनी कोणत्या बाजूला, किती जोरात, हेल्मेट होतं का, असं सगळं तिला विचारलं. तिनं सगळं सांगितलं, न रडता. मग आईकडे वळली, वाकली आणि सलवारीचा पाय गुडघ्याच्या वर ओढला. "आन् हे पायरीवर नाय झालं."

सुमननं त्या खपलीकडे बघितलं. माझ्याकडे तिनं बघितलंच नाही. ती डॉक्टरांना म्हणाली, "सही कुठं करायची?"

ऑपरेशनला बर होल म्हणतात. कवटीला बोटाच्या पेराएवढी दोन भोकं पाडतात आणि साचलेलं रक्त धुऊन काढतात. रक्त पातळ करणारी गोळी बंद केली, तिचा परिणाम उतरवायला बाटल्या लावल्या. डोकं भादरलं. आत नेताना डॉक्टर म्हणाले, "बहुतेक लोक बरे होतात. पण शंभरातले शंभर होतात असं मी म्हणणार नाही." मला सोनलशी बोलायचं होतं. ती जिन्यापाशी उभी होती, आईच्या मागे. स्ट्रेचर वळलं आणि ती दिसेनाशी झाली.

जाग आली तेव्हा डोक्यातून एक नळी निघून पिशवीत गेली होती. पिशवीत काळपट पाणी. डॉक्टर म्हणाले, "इंजिनाचं जळकं ऑइल असतं ना, अगदी तसं निघालं." दोन दिवस सपाट निजवून ठेवलं, उशीसुद्धा नाही. दर तासाला नर्स विचारायची, नाव काय, वार कोणता, माझं बोट दाबा. पहिल्या संध्याकाळी डाव्या हातानं तिचं बोट दाबलं, तेव्हा ती ओरडली, "अहो, हळू!" आयुष्यात कुणाच्या ओरडण्यानं इतकं बरं वाटलं नव्हतं.

सुमन सगळं करत होती. पेज भरवायची, अंग पुसायची, पिशवीतलं पाणी किती झालं ते नर्सला सांगायची. तिसऱ्या दिवशी नळी काढली. ती माझ्या उशाशी बसून मोसंबं सोलत होती. सोलता सोलता म्हणाली, "तुमी मेला असता तर मी रडले असते. रडून गप झाले असते." एक फोड तिनं माझ्या तोंडात घातली. "पण तुमी माझ्या पोरीला मरायला बसवली, आन् वर तिलाच खोटं बोलायला लावलं. त्याचं मी काय करू?"



जाग्रणं सुमननं काढली, डॉक्टरांनी जीव वाचवला, पण आजार पहिल्यांदा ओळखला तो हरेशनं, हात ऑइलानं काळे असलेल्या माणसानं. त्याचे उपकार मी विसरणार नाही. माझी गाडी त्याच्याकडेच उभी आहे. त्यानं दोन्ही आरसे परत बसवले आहेत, मला न विचारता.

तुमच्या घरात कुणाला डोक्याला साधा टोला बसला असेल, आणि नंतर कधी डोकं दुखायला लागलं, झोप वाढली, एका पायातली चप्पल निसटायला लागली, तर हसू नका. सीटी स्कॅन करा. आणि टोला कुठं बसला ते डॉक्टरला खरं सांगा, मग घरात कितीही महाभारत होवो.

तीन महिन्यांनी दाखवायला ठाण्याला गेलो. डॉक्टर म्हणाले, हात पूर्ण बरा, मधली रेघ जागेवर आली. आम्ही तिघं एसटीनं परत येत होतो. वाशिंद सोडलं आणि जॅम लागला. आमची एसटी उजव्या लेनमध्ये, डावीकडे कंटेनर, मधे हातभर जागा. सोनल डाव्या खिडकीपाशी बसली होती, मांडीवर पुस्तक. मी तिच्या शेजारी, सुमन पुढच्या सीटवर.

त्या जागेतून बाइका यायला लागल्या. एक, दोन, मग रांगच. कुणाचं हेल्मेट टाकीवर, कुणाचं कोपराला. एकाच्या मागे शाळेचा ड्रेस घातलेली मुलगी.

सोनलचं लक्ष पुस्तकात होतं. पण खिडकीखालून बाइक गेली की तिचा डावा गुडघा आत येत होता. पत्र्याच्या भिंतीपासून लांब, उजव्या गुडघ्याला चिकटून. बाइक गेली की थोडा सैल, दुसरी आली की पुन्हा आत. ती पान उलटत होती. तिला ते कळतही नव्हतं.

मी माझा बरा झालेला डावा हात उचलून तिच्या गुडघ्यावर ठेवला. तिनं माझ्याकडे बघितलं, हसली. खालून आणखी एक बाइक गेली, आणि माझ्या हाताखालून तिचा गुडघा निसटला.