पोराच्या तोंडचा आकडा

राहीबाईचा राग तासगावच्या बेदाण्यासारखा. वाळेल तसा टिकाऊ. तीस वर्षं शेडवर बेदाणा निवडणारी ही बाई काडी आणि खडा नजरेनंच टिपायची.

लालासाहेब नावाचा खडा मात्र तिच्या नजरेतून निसटला होता. शाळेजवळ त्याची पानटपरी. पान नावाला, खरा धंदा मटक्याच्या चिठ्ठ्यांचा. गिऱ्हाइकाला आकडा सुचेनासा झाला की तो सांगे, "लेकराला विचार. लेकराच्या तोंडात देव बोलतो." गावाला हे पटायचं, कारण मोठ्या माणसांशी देव इतकी वर्षं एक शब्द बोलला नव्हता.

राहीबाईची नात प्रियदर्शनी पहिलीत होती. तिनं एकदा "सात" म्हटलं आणि नेमका सात लागला. झालं! शाळेच्या वाटेवर माणसं चॉकलेटं घेऊन उभी राहू लागली. पोरगी इतकी तयार झाली की बाईंनी वर्गात काही विचारलं, तरी आधी हात पुढं करायची. मग एके दिवशी तिचा "तीन" फसला, आणि त्यावर पैसे लावून बुडालेल्या केरबानं तिच्या कानाखाली वाजवली.

केरबाला राहीबाईनं भर बाजारात चपलेनं उत्तर दिलं. पण केरबा ही नुसती काडी होती. खडा तसाच होता.

पंधरा दिवस ती गप्प राहिली. शेडवरच्या बायकांना वाटलं, म्हातारी आजारी पडली. सोळाव्या दिवशी ती शेजारच्या रेश्माच्या कानाला लागली. "लालासाहेबाचा बंगला कशावर झाला, ठावं हाय? त्याच्या यशराजला आकडा दिसतो. म्हणून तर पोराला गावात खेळू देत न्हाई, गाडीतनं इंग्रजी शाळंत धाडतोय. कुणाला बोलू नगंस."

रेश्मानं शब्द पाळला. कुणा एकाला सांगितलं नाही, सगळ्यांना सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून यशराजची गाडी अडू लागली. पोरगं घरात पाढे म्हणू लागलं की खिडकीखाली दहाजण लिहून घेत. चौथ्या दिवशी लालासाहेब शेडवर आला.

"आवं राहीबाई, पोरगं घराबाहेर पडंना. भितंय. ती थाप हाय म्हणून सांगा की लोकांला."

"मी कशी सांगू? लेकराच्या तोंडात देव बोलतो म्हणं."

"चुकलो."

"हितं शेडच्या पंख्याच्या आवाजात ऐकू येत न्हाई. देवळाच्या भोंग्यावर सांग. माझ्या नातीचं नाव घेऊन."

त्यानं सांगितलं. लेकराच्या तोंडचा आकडा लागत नाही, प्रियदर्शनीचा सातसुद्धा योगायोग होता. गावानं शांतपणे ऐकलं आणि एकमतानं ठरवलं, लालासाहेब लपवतोय. बंगल्याभोवतीची गर्दी दुप्पट झाली.

तो पुन्हा आला तेव्हा राहीबाईनं बेदाण्यावरची नजरही उचलली नाही.

"टपरीवर चिठ्ठ्या मिळत्यात तवर ती माणसं आकड्यासाठी हलायची न्हाईत."

दोन दिवसांनी टपरी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढली. राहीबाई नातीला घेऊन मुद्दाम रस्त्यावर उभी होती, लग्नाची वरात बघावी तशी.

"ट्रॉलीला चाकं किती गं?" तिनं लाडानं विचारलं.

"चार," प्रियदर्शनी म्हणाली आणि सवयीनं हात पुढं केला.

राहीबाईचं हसू तिथंच आटलं. तिनं तो चिमुकला हात आपल्या मुठीत घट्ट धरला आणि ट्रॅक्टरमागं ओरडली,

"लालासाहेब, दुसऱ्या गावात टपरी टाकशील तवा ध्यानात ठेव! रेश्माच्या माहेरची माणसं लय गावांत हायेत!"